आजी स्क्रीनमध्ये राहते

आमच्या गल्लीत उन्हाळा निळ्या ड्रमांवरून ओळखायचा. होळी झाली, मुलांच्या परीक्षांची वेळापत्रकं फ्रीजवर चिकटली, की एकेका घरापुढं ड्रम येऊन उभा राहतो. पोट सुटलेला, डोक्यावर झाकणाची टोपी घातलेला, लग्नघरी आठ दिवस आधीच येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा. मग या ओट्यावरून त्या ओट्यावर एकच प्रश्न फिरायला लागतो, "नळ आले का हो?" आमच्या गावात पाणी येत नाही, नळ येतात. जावयासारखे येतात. आधी कळवत नाहीत, आले की सगळ्या घराला पळवतात आणि नीट बूड टेकायच्या आत निघून जातात.

यंदाही मी ड्रम घासून बाहेर काढला आणि त्याच दुपारी बंगळुरूहून रेवतीचा, माझ्या लेकीचा, फोन आला. साधा फोन, बिनचेहऱ्याचा. आणि मी तर केस विंचरून, कुंकू ठीक करून खिडकीपाशी उजेडात बसले होते! दुपारी चारला आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला असतो. माझी नात इरा, वय वर्षं चार, त्या वेळी दूध पिते आणि मी फोनमध्ये तिच्यासाठी कधी माकड होते, कधी दात पडलेला वाघ. एकदा तर मी दौलताबादचा किल्ला झाले होते आणि तोफेचा आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या होत्या.

"आई, आम्ही ठरवलंय," रेवती म्हणाली, "इराला स्क्रीन पूर्ण बंद. एकेक घास मोबाइल बघत गिळते. काढून घेतला की फरशीवर लोळण."

"उत्तम केलंत!" मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले आणि वर भाषणही दिलं, आमच्या लहानपणी काय होतं, आम्ही कशानं खेळायचो, आम्हाला कुणी खेळणी आणली. रेवतीनं ते निमूट ऐकून घेतलं. एवढं निमूट ती कधी ऐकत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"मेच्या सुट्टीत येतोच आहोत दहा दिवस. तू पण बघून ठेव ना काही खेळणी. लाकडाची, साधी, बिनबॅटरीची."

"बघते की. आणि आज कॉल का नाही लावलास? दूध प्यायली का ती?"

"आई, तोही स्क्रीनच ना गं."

"म्हणजे मी बंद?"

"तू कशी बंद? स्क्रीन बंद."

"अगं, पण मी त्यातच राहते!"

रेवती हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मी आरशात पाहिलं. एवढं नटून बसलेली बाई, आणि प्रयोग रद्द.

आमचे हे वाळूजच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून आले, त्यांना सगळी हकिगत साभिनय ऐकवली. त्यांनी बूट काढले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लई मनाला लावून घेऊ नको. मोबाइलमधली गाणी गेली, गेम गेले, त्यात तू बी गेलीस. तू ॲपच निघालीस की."

हसण्यावारी नेलं खरं. पण मनात एक गोष्ट रुतून बसली. इरा शेवटची आमच्या घरी आली तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती. त्यानंतरची सगळी ओळख काचेतली. ती मेमध्ये येईल तेव्हा काचेबाहेरची मी तिला ओळखू येईन का? आणि ओळखू आले, तरी आवडेन का? खेळणी निवडायची होती ती खरं तर या परीक्षेसाठी.

दुसऱ्याच दिवशी गुलमंडीवर खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार पोरसवदा पण उत्साही. त्यानं एक डबा समोर आपटला. "मॅडम, हे बघा, एकदम स्क्रीन-फ्री!"

उघडलं, तर आत लाकडाचे ठोकळे. मी ठोकळा उलटून पाहिला, पालटून पाहिला, कानाला लावला. "खरंच हो, कुठंच स्क्रीन नाही."

त्याला चेष्टा कळली नाही. त्यानं लगेच दुसरा डबा काढला. "आणि हा लहान मुलांचा हिट आयटम. लाकडी मोबाइल."

मी त्या लाकडी मोबाइलकडं बघतच राहिले. बिचाऱ्या सुतारानं बटणंसुद्धा कोरली होती. मग स्वयंपाकघराचा संच आला. शेगडी, ओव्हन, टोस्टर, सिंक आणि सिंकवर तोऱ्यात वाकलेला नळ.

"ड्रम कुठाय?" मी विचारलं.

"कसला ड्रम?"

"पाण्याचा. नळ आहे, आणि खाली भरायला काही नाही? कुठल्या गावचं स्वयंपाकघर आहे हे?"

"मॅडम, खेळण्यातला नळ आहे. तो येत नाही."

"मग अगदी आपल्याच गावचा आहे," मी म्हणाले आणि तो संच घेऊन टाकला.

परतताना रिक्षात मांडीवर तो नळ होता आणि मन मात्र सिडकोत जाऊन पोचलं होतं. आत्ताच्या नव्हे. आठ वर्षांची होते मी तेव्हाच्या, निम्म्या बांधलेल्या सिडको वसाहतीत.

दुष्काळाची वर्षं होती. लागोपाठची. वडिलांची बदली झाली आणि आम्ही गंगापूरहून ट्रकमध्ये संसार घालून आलो. घर नवंकोरं, गल्ली नवीकोरी, झाडाचं मात्र नाव नाही. सगळीकडं घरं उगवत होती. शेतात काही उगवत नव्हतं त्या वर्षांत शहर मात्र तरारून वर येत होतं. गोदावरी आटली होती. तिचं पाणी आमच्यापर्यंत पोचलं नाही. तिची वाळू पोचली. ट्रक भरभरून पोचली. गल्लीच्या तोंडाशी तिचे ढीग पडायचे आणि आम्ही पोरी शाळेतून आलो की त्यात उड्या मारायचो. वरची वाळू तापलेली असायची, पण कोपरापर्यंत हात घातला की आत थंडगार, ओलसर. नदी आतून अजून संपलेली नाही, असं मला वाटायचं. आमच्या भातुकलीत तीच पाणी होती. वाळू हंड्यात भरायची, वाळू गाळायची, वाळू पाहुण्यांना प्यायला द्यायची. पाहुणा सभ्य असेल तर "वा, माठातलं दिसतंय" म्हणायचा.

माणसांच्या आधी भिंती पाणी प्यायच्या. नव्या भिंतींवर सकाळ-दुपार पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट धरत नाही. ते मारून माणूस पुढं गेला की आम्ही त्या भिंतींना गाल लावून उभ्या राहायचो. तो ओल्या सिमेंटचा वास! आजही कुठं नवं बांधकाम दिसलं आणि आजूबाजूला कुणी नसलं, की माझा गाल शिवशिवतो. एकदा तर जिन्यावरून चोरून वर गेलो आणि पाहतो तो काय, नव्या स्लॅबवर सिमेंटची आळी करून पाणी साठवून ठेवलेलं! गच्चीवर तळं! खाली बायका घागरीसाठी उन्हात उभ्या, आणि वर आभाळाचा तुकडा पाण्यात निवांत पडलेला. आम्ही वहीची पानं फाडून होड्या सोडल्या. मी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. चुन्याची, कडसर चव होती. मला ती मिठाईसारखी लागली.

पण त्या उन्हाळ्यातलं आमचं खरं खेळणं म्हणजे नंबराचे दगड.

टँकर दुपारी कधीतरी यायचा. तोवर उन्हात कोण उभं राहणार? म्हणून प्रत्येक घराचा एक दगड रांगेत ठेवलेला असायचा. दगड ठेवला की नंबर लागला. बाई घरात भाकरी थापतेय, आणि तिचा दगड बाहेर तिच्या वतीनं उन्हात उभा आहे. कुणाची काय बिशाद तो हलवायची! जोशी काकूंचा पांढऱ्या संगमरवरी फरशीचा तुकडा होता, पेढ्यासारखा गोल. हमीदा खालाची अर्धी वीट, तिच्यावर हिरवा रंग सांडलेला. आमच्या आईचा शहाबादीचा तिकोनी तुकडा, एका कोपऱ्याला टवका उडालेला. आम्ही पोरी त्या दगडांना नावानं हाका मारायचो. त्यांच्यासमोर उकिडवं बसून त्यांची भांडणं लावायचो. संगमरवर नाकात बोलायचा, "आमचा नंबर आधी होता हो!" वीट ठणकावायची, "नक्को, मैं सवेरे से बैठी हूँ!"

एका दुपारी कुणीतरी चिंध्यांचा चेंडू आणला आणि लगोरीला चपटे दगड हवे होते. समोर एवढे चांगले चपटे दगड रांगेत रिकामे बसलेले. पुढचं काही सांगायला हवं का? जोशी काकूंवर खाला, खालावर आई, आईवर आणखी चौघी, उरलेल्यांची शेजारी दुसरी लगोरी. रचल्या. नेम धरला. फोडल्या. गल्लीभर सगळ्या शेजारणी उधळल्या.

आणि तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

दारं धडाधड उघडली. घागरी, बादल्या, हंडे घेऊन बायका धावल्या, आणि रांगेच्या जागी धूळ.

"अगे अम्मा, मेरा फत्तर किधर गया? यहींच रखी थी मैं!"

"माझा तिसरा नंबर होता. तिसरा! देवाशपथ!"

"तुमचा तिसरा, तर मग माझा काय तेरावा होता?"

टँकरवाला चाकाच्या सावलीत बसून विडी ओढायला लागला. त्याला अशी करमणूक रोज कुठली? शेवटी खालाचं लक्ष आमच्याकडं गेलं. "ये छोकऱ्यां कू पूछो. येइच खेलते फत्तरां से."

सगळ्या पोरी एकमेकींच्या मागं लपल्या. मी पुढं झाले. म्हणाले, "मला पाठ आहे रांग."

तो माझा रंगभूमीवरचा पहिला प्रवेश. एकेक दगड शोधून आणायचा, रांगेत ठेवायचा, आणि ठेवताना त्याच्या मालकिणीचं वाक्य तिच्याच आवाजात म्हणायचं. जोशी काकूंचं नाकातलं म्हटलं, तशी खाला पदर तोंडात धरून हसली. मग खालाचं म्हटलं, तशा काकू हसल्या. भांडण विसरून सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. आणि त्या टाळीच्या नशेत मी हळूच एक लबाडी केली. आईचा दगड अकरावा होता, तो मी चौथा ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आईच्या आलं. ती पुढं आली, आपला तिकोनी तुकडा उचलला आणि चालत चालत पार शेवटी नेऊन ठेवला. अकराव्या जागीही नाही, सगळ्यांच्या मागं.

"अगे जान दे बाई, बच्ची है," खाला म्हणाली.

"माझ्या पोरीनं रांग मोडली. माझा नंबर शेवटी," आई म्हणाली.

आम्हाला त्या दिवशी अर्धी घागर मिळाली, तळाची, गढूळ. आईनं ती दुहेरी फडक्यातून गाळली. मी मार खायच्या तयारीनं कोपऱ्यात उभी होते. ती हात पुसून उंबऱ्यावर बसली आणि मला म्हणाली, "इकडं ये. तुमच्या खेळात मी बी असते व्हय?"

"असतेस की."

"मी काय करते त्यात?"

"भांडतेस."

"आन्?"

"पाणी आणतेस."

"आन्?"

मी खूप आठवून पाहिलं. "आन् म्हणतेस, सांडू नको."

आई हसली. मग हसू तिथंच थांबलं. अंगणातल्या उन्हाकडं बघत ती म्हणाली, "उद्या खेळशील तवा मला जरा झोक्यावर बी बसव."

दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळाच खेळ काढला. दगडांना हात लावायची बंदी होती, आणि खरं सांगायचं तर मी विसरूनही गेले. आई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. तिच्या फोटोला हार आहे, तिच्या नावानं नैवेद्य आहे. झोका तेवढा राहिला.

कोणतं खेळणं चांगलं, याची मी आता मोठी जाणकार झाल्यासारखी बोलते. भिशीत बोलते, भाजी घेताना बोलते. खेळणं थोडं अर्धवट असावं, म्हणजे उरलेलं मूल घालतं. त्याला स्वतःचं बोलणं नसावं, म्हणजे मुलाचं ऐकू येतं. हे सगळं खरंच आहे. पण एक गोष्ट मी तिथं बोलत नाही. मूल खेळत असतं तेव्हा ते आपल्याला खेळत असतं, आणि आपल्या वाट्याला काय आलंय हे ऐकायला छाती लागते.

मेमध्ये मंडळी आली. इरा गाडीतून उतरली आणि रेवतीच्या ओढणीमागं गेली. मी गुडघ्यावर बसले, हात पसरले. ती डोकावली, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि ओरडली, "मम्मा! आजीला पाय आहेत!"

सगळे हसले. हे तर जिन्याला टेकून हसले. माझे पाय एवढे कौतुकाचे कधी झाले नव्हते. पण त्यापुढं दोन दिवस ती माझ्याजवळ आली नाही. लाकडी संच मांडला, ठोकळे मांडले, मी माकड झाले, वाघ झाले. माकड मोठं झालं की भीतिदायक होतं, हे मला तेव्हा कळलं. ती रेवतीला चिकटून बसायची. दुसऱ्या दुपारी दूध प्यायची वेळ झाली आणि तिनं रडायला सुरुवात केली.

"काय पाहिजे माझ्या सोन्याला?" मी विचारलं.

"आजी पाहिजे."

"अगं, मी आहे ना!"

"ही नको. ही मोठी आहे." तिनं तळहात पुढं केला आणि त्यावर बोट ठेवून दाखवलं. "छोटी आजी पाहिजे."

रेवतीनं माझ्याकडं पाहिलं. मी चटकन स्वयंपाकघरात गेले आणि नको असताना कणीक चाळायला घेतली. नटीला रडायचं असलं की ती विंगेत जाते.

थोड्या वेळानं पायाशी काहीतरी हललं. इरा आली होती. पीठ कसं पडतंय ते बघायला आली होती, माझ्यासाठी नाही. मी चाळणी रिकामी करून तिच्या हातात दिली. तिनं ती डोळ्यांसमोर धरली आणि जाळीतून माझ्याकडं पाहिलं. माझे पाय गेले असतील, पोट गेलं असेल, चाळणीच्या गोलात फक्त चेहरा उरला असेल. बारीक चौकोनांचा.

"छोटी आजी!" ती किंचाळली.

"हॅलो!" मी म्हणाले. आणखी काय म्हणणार? प्रवेश मिळाला होता.

मग खेळ रंगला. चाळणी कधी माझ्या तोंडापुढं, कधी तिच्या. तिच्या तोंडापुढं असली की ती आजी व्हायची. मान हलवत, हात नाचवत, माझा आवाज काढायची, "जेवलीस का? काय जेवलीस? अगं, आवाज येतोय का? हॅलो? दिसतेय का मी?" बस. एवढंच. दोन-अडीच वर्षं मी माकडं, वाघ, किल्ले केले, आणि तिच्या खेळातली आजी एवढंच बोलत होती. मला झोका मागावासा वाटला. मागितला नाही. मिळालेली भूमिका घेतली आणि जीव तोडून केली.

तिनं एक नियमही काढला. मध्येच ती ओरडायची, "अडकली!" की मी होते तशी थांबायचं. तोंड उघडं तर उघडं, हात वर तर वर. पापणीसुद्धा हलवायची नाही. मग ती चाळणी ठेवून जवळ यायची, माझ्याभोवती फिरायची, कान ओढून बघायची, कुशीत शिरून माझ्या हनुवटीखाली डोकं लावायची. आजी अडकलेली, म्हणजे भीती नाही. खूप वेळ झाला की माझ्या नाकाला बोट लावायची, "आली रेंज!" तेव्हा मी हलायचं. चौथ्या दिवशी चाळणी लागेनाशी झाली. सहाव्या दिवशी ती अडकलेल्या मांडीवरच झोपली आणि मी पाऊण तास मुंग्या आलेल्या पायानं बसले. ह्यांनी चहा आणला, तर मी डोळ्यांनीच नको म्हणाले.

निघायच्या सकाळी रेवती माझ्याजवळ आली. "आई, मी विचार करत होते. आठवड्यातून एकदा लावत जाऊ कॉल. तेवढ्यानं काय होतंय."

मी त्यासाठी काय वाट्टेल ते दिलं असतं. रोज चार वाजता माझा हात अजून फणीकडं जातो. पण मी म्हणाले, "नको. साधा फोन लाव. छोटीला परत आत बसवू नकोस, बाई. मोठीला आत्ता कुठं जागा मिळालीय."

गाडी सुरू झाली. मी फाटकाशी उभी राहिले, हात वर केला, "लवकर या" म्हणायला तोंड उघडलं. खिडकीतून इरानं डोकं बाहेर काढलं. तिचे डोळे चमकले.

"आजी, अडकली!"

मी थांबले. हात वर, तोंड उघडं. गाडी वळणावर गेली, वळली. धूळ उडाली, खाली बसली.

"चल आत, ऊन लागंल," हे म्हणाले.

मी उत्तर दिलं नाही. कसं देणार? माझ्या नाकाला अजून कुणी बोट लावलं नव्हतं.